अपघातानंतर लिहिलेला जबाब : माझा अनुभव

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी जवळपास निम्मे तास माझे पूर्ण झाले होते. पावसाळ्यातल्या एका सकाळी मी एकटीने सर्किटचा, म्हणजे उड्डाण करून विमानतळाभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा, सराव करत असताना माझे सेसना १५२ हे छोटे विमान धावपट्टीबाहेर गेले. मी डिचोलीची, प्रशिक्षण संस्था गोव्याबाहेरची. मला इजा झाली नाही. विमान उतरवण्याचा सराव आम्ही विद्यार्थी पुन्हा पुन्हा करतो, अपघातानंतरचा जबाब लिहिण्याचा मात्र कधीच करत नाही, म्हणून त्याविषयीच अधिक लिहिते.

चाके टेकली तेव्हा वेग ५० नॉटच्या (ताशी सुमारे ९३ किलोमीटर) आसपास होता. काही क्षणांतच डावा पंख खाली गेला आणि विमान डावीकडे ओढू लागले. उजवा रडर (शेपटीचे सुकाणू वळवणारे पेडल) पूर्ण दाबून, उजवा ब्रेक हलकेच लावून आणि पुढच्या चाकावर भार येऊ नये म्हणून स्टिअरिंग पोटाशी ओढून धरूनही ते कडेच्या ओल्या मातीत शिरले, तिथे पुढचे चाक रुतून दुमडले आणि प्रोपेलर जमिनीला लागला. मिक्स्चर (इंजिनातले हवा-इंधनाचे मिश्रण), इंधन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) आणि विजेचा मास्टर स्विच बंद करून मी बाहेर पडले.

श्वासचाचणी आणि डॉक्टरांची तपासणी लगेच झाली. विमान जिथल्या तिथे ठेवण्यात आले, कारण परवानगीशिवाय ते हलवता येत नाही. संध्याकाळी जबाब लिहायला बसले तेव्हा पहिले वाक्य सुचले ते ‘डावा टायर फुटला’. त्याच वेळी काकांचा फोन आला. ते बोटीवर इंजिनिअर आहेत. सगळे ऐकून ते म्हणाले, “बाय, डोळ्यांनी पाहिलंस ते वेगळं लिही आणि नंतर कळलं ते वेगळं लिही. खाडाखोड करू नको. चुकलं तर एक रेघ मार आणि बाजूला सही कर.” टायर फुटताना मी पाहिला नव्हता, आवाजही ऐकला नव्हता. म्हणून मी लिहिले ते एवढेच: पंख खाली गेला, विमान डावीकडे ओढले, मी अमुक केले. शिवाय सकाळी विमानाभोवती फिरून तपासणी करताना डाव्या टायरवरची लाल रेघ रिमवरच्या रेघेशी जुळलेली पाहिली होती, तेही नोंदवले.

पुढे तीच नोंद सर्वांत उपयोगी पडली. या विमानाच्या टायरमध्ये ट्यूब असते. टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटू शकतो आणि हवा एकदम जाते. तपासणीत रेघा एकमेकींपासून सरकलेल्या आणि व्हॉल्व्ह तुटलेला आढळला. सकाळी रेघा जुळलेल्या होत्या, म्हणजे टायर त्याच सकाळच्या फेऱ्यांमध्ये सरकला होता, हे माझ्या जबाबावरून ठरवता आले.

उड्डाण बंद असल्याने चवथीला घरी आले. आरतीला आलेले प्रत्येकजण काळजीने विचारत होते, “पण चूक कोणाची?” त्यांना मी सांगत राहिले की आपल्या देशाच्या २०१७ च्या अपघात तपास नियमांनुसार तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही. हे मला स्वतःला त्या संध्याकाळी ठाऊक होते, म्हणूनच मी न घाबरता लिहू शकले. आईला मात्र या नियमापेक्षा माझ्या वैद्यकीय तपासणीच्या निकालाने अधिक धीर आला.

परतल्यावर दुसऱ्या प्रशिक्षकांबरोबर सर्किट केले, बाजूच्या वाऱ्यात उतरण्याचा सराव केला आणि मग एकटीने उड्डाणाची परवानगी मिळाली. प्रोपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून आतले भाग तपासावे लागतात, त्यामुळे त्या विमानाला बराच काळ लागला. तोवर मी दुसऱ्या विमानावर लांबच्या उड्डाणांचे तास भरू लागले होते. दोन सर्किटच्या मध्ये थांबायला मिळाले की मी टायरवरची रेघ पुन्हा पाहते, आणि संस्थेनेही आता ती तपासणी सर्वांसाठी ठरवून दिली आहे.