झिपरीचा कंगवा

वेंगुर्ला, आश्विन

झिपरीच्या, म्हणजे आमच्या ल्हासा आप्सो जातीच्या कुत्रीच्या, उजव्या कानामागे आज पुन्हा केसांची गाठ सापडली. वरून केस मोकळे आणि नीटनेटके दिसत होते. बोटे मुळापर्यंत घातली तेव्हाच सुपारीएवढी घट्ट गुठळी हाताला लागली. ल्हासा आप्सोच्या वरच्या लांब केसांखाली मऊ केसांचा दुसरा थर असतो. या आतल्या थरातले केस गळतात, पण जमिनीवर न पडता वरच्या केसांत अडकून राहतात, आणि कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मागच्या मांड्यांच्या आत, म्हणजे जिथे जिथे अंगाला काही घासते तिथे, त्यांचा गुंता होतो. पाऊस सरला असला तरी आमच्याकडची हवा अजून दमटच आहे, त्यामुळे मुळाशी राहिलेला ओलावा दिवस दिवस सुकत नाही. गाठीखालच्या कातडीला वारा लागत नाही, ती लाल होते, तिला आंबूस वास येऊ लागतो आणि पावलागणिक ती ओढली जाते. विंचरणे टाळून चालत नाही ते यासाठी.

आणि विंचरून घेणे तर तिला मुळीच आवडत नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा वयाने मोठी होती. आधीच्या घरी असताना शहरातल्या एका दुकानात तिला टेबलावर गळ्याशी बांधून, दोघांनी धरून तिचे केस उतरवले जात, असे आम्हाला सांगण्यात आले. ब्रश दिसला की ती कॉटखाली जाऊन बसे. ती कंगव्याचा राग करते असे घरात सगळे म्हणत. माझे मत पहिल्यापासून वेगळे आहे. तिला नकोसे आहे ते दुखणे आणि धरून ठेवले जाणे. या दोन गोष्टी वगळल्या तर ब्रश ही तिच्या लेखी एक वस्तू आहे, हुंगून सोडून देण्याजोगी.

नकार ती एकदम गुरगुरून देत नाही. आधी ओठांवरून जीभ फिरवते, झोप आलेली नसताना जांभई देते, मान दुसरीकडे वळवते. मग डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसू लागते आणि अंग ताठ होते. गुरगुरणे त्यानंतर येते. जांभईलाच हात थांबवला तर पुढचे काही घडत नाही. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला दटावू नये असे मला फार कळकळीने वाटते, कारण सूचना द्यायची सोय काढून घेतलेले कुत्रे पुढे सूचना न देताच चावते, आणि मग दोष सगळा त्याच्या माथी येतो.

आम्ही सुरुवात केली ती पडवीत, गोणपाटावर. गुळगुळीत लादीवर तिचे पाय सरकतात आणि घाबरलेल्या जिवाला पाय सरकण्याइतके वाईट दुसरे काही नसते. ब्रश नुसता खाली ठेवायचा, तिने हुंगला की मिठाशिवाय उकडलेल्या, काटे काढलेल्या बांगड्याचा तुकडा द्यायचा, एवढेच पुष्कळ दिवस चालले. पुढे ब्रशची पाठ खांद्याला लावणे, मग खांद्यावरूनच एक हलका हात. खांदा आणि पाठ तिला चालते; कान, पोट आणि पाय सर्वांत शेवटी. हल्ली ती घडी घातलेल्या पंचावर हनुवटी टेकते. हनुवटी टेकलेली असेपर्यंत मी विंचरते, तिने ती उचलली की माझा हात थांबतो, आणि उठून गेली तर कोणीही तिला ओढून आणत नाही. आश्चर्य वाटेल, पण जाता येते हे कळल्यापासून ती जाईनाशी झाली आहे.

हाताची पद्धतही महत्त्वाची आहे. कोरडे केस तुटतात, म्हणून आधी पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा. मग एका हाताने केसांचा थर वर उचलून धरायचा आणि खालून थोडे थोडे केस सोडत मुळापासून टोकापर्यंत विंचरत यायचे. नुसते वरवर विंचरले तर वरचे केस चमकतात आणि आत नमदा, म्हणजे गुंतून दाबला गेलेला केसांचा थर, तयार होत राहतो. बारीक वाकड्या तारांचा ब्रश वापरण्यापूर्वी मी तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहते, कारण जड हाताने तो कातडी खरवडतो. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच तो भाग झाला असे समजायचे.

गाठ आली तर तिच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि कडेपासून बोटांनीच उकलत आत जायचे. चिमूटभर कॉर्नफ्लॉअर चोळले की केस सुटायला मदत होते. कात्री नुसती घालू नये. गाठीबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि ती फार पातळ असते. कापावेच लागले तर मध्ये कंगवा सरकवून त्याच्या वरून कापावे. खोबरेल तेल मात्र आमच्या घरात प्रत्येक दुखण्यावर सुचवले जाते म्हणून सांगते, की तेलकट केसांना किनाऱ्यावरची वाळू चिकटते आणि कुत्रे ते चाटत बसते.

समुद्रावरून आल्यावर मीठ आणि वाळू विहिरीच्या पाण्याने काढावीच लागते, परंतु गाठी आधी सोडवून. भिजलेली गाठ सुकताना आणखी आवळते. साबण कुत्र्यांसाठीचाच घ्यावा, कारण माणसाच्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५.५ असतो आणि कुत्र्याचा ७ च्या आसपास. पंचाने चोळायचे नाही, टिपून घ्यायचे.

सासूबाईंनी काल पुन्हा विचारले, "अगो, कापून टाक ते केस एकदाचे. हो उकाडो ती कशी सोसतली?" त्यांची काळजी खरी आहे. तिबेटमधले ल्हासा शहर सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे, तिथल्या थंड, कोरड्या हवेतले हे कुत्रे आपण समुद्रकाठी आणून ठेवले आहे. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते, त्यामुळे केस भादरल्याने आपल्याला वाटतो तेवढा गारवा त्याला मिळत नाही, उलट उघड्या कातडीला ऊन लागते. जमिनीला टेकणारे केस कोकणात ठेवू नयेत, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणून दोन बोटे लांबीचे केस राखायचे, असे आम्ही ठरवले. केस आखूड झाल्यापासून गाठी कमी, गाठी कमी म्हणून दुखणे कमी, आणि तिचा विरोधही त्या प्रमाणात उतरत गेला आहे.

आता सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे, गवत वाळू लागेल. त्याची कुसळे बोटांमधल्या केसांत शिरतात आणि टोकाकडून आत आत सरकत कातडीत घुसतात. गोचीडही तिथेच आणि कानात दडतात, आणि त्यांच्यापासून ताप येतो. त्यामुळे फिरून आल्यावर पंजे रोज पाहायला हवेत. पुढचे दोन्ही ती आता माझ्या हातात देते. मागचा डावा फक्त सासूबाईंना पाहू देते, मला नाही. तेव्हा ते काम त्यांच्याकडे दिले आहे आणि बांगड्याची वाटीही.