निळ्या पट्टीची बाटली

डोपिंग चाचणीच्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं काम करते. इतक्या खेळाडूंची लघवी तपासली, पण नाव एकाचंही कळलं नाही, कळूही नये. नमुन्यावर फक्त क्रमांक असतो. एकच नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन सीलबंद बाटल्यांत भरलेला असतो, आधी ‘ए’ तपासतात. ‘ए’ नमुना पॉझिटिव्ह निघाला, खेळाडूने ‘बी’ बाटली उघडायची मागणी केली आणि स्वतः हजर राहिला, तरच तो आमच्यासमोर येतो.

त्या दिवशी एक तरुण सायकलपटू आला होता, सोबत वडील. बाहेरून त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि मी थबकले. आमच्या सांगली-कोल्हापूरकडची बोली, घरापासून इतक्या लांब.

निळ्या पट्टीची ‘बी’ बाटली टेबलावर ठेवली. काचेवर गारव्याचं पाणी सुटलं होतं. वडिलांनी विचारलं, “ताई, ही आमच्याच पोराची कशावरनं?”

मला राग आला नाही. प्रयोगशाळाही चुकतात. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन सायकलपटू टायलर हॅमिल्टनच्या रक्ताचा ‘बी’ नमुना चुकून गोठवला गेला, पेशी फुटल्या, तपासणीच होऊ शकली नाही आणि सुवर्णपदक त्याच्याकडेच राहिलं. पुढे त्याने स्वतः डोपिंगची कबुली दिली, 2012 मध्ये पदक गेलं. पण त्या बाटलीने जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

“काका, किट यानेच निवडलं, झाकणही यानेच आवळलं. ते कटकट करत पुढेच फिरतं, मागे येत नाही. क्रमांक तुम्हीच वाचा.”

त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत मोठ्याने वाचला. मुलगा फॉर्मवर ताडत होता. शेवटचा आकडा जुळला तेव्हा तो हळूच म्हणाला, “सही माझीच आहे.”

यंत्रात झाकण तडकलं, तसे वडील दचकले. मग त्यांनी पिशवीतून प्रोटीन पावडरचा अर्धा संपलेला डबा काढला. “हे तपासा. यातनंच गेलं असणार.”

मला तो हातात घेता येत नव्हता. उघड्या डब्याला सुनावणीत फारसं वजन नसतं, त्याच बॅचचा सीलबंद डबा शोधावा लागतो, हे ओठांवर आलं होतं. पण सल्ला देणं माझं काम नाही. “वकिलांना दाखवा,” एवढंच बोलले. ते गिळलेलं वाक्य अजून टोचतं.

“मॅडम, किती सापडलं?” मुलाने विचारलं.

‘ए’मध्ये स्टॅनोझोलोल सापडलं होतं, स्नायू वाढवणारं बंदी असलेलं स्टेरॉइड. त्याला किमान मर्यादा नाही. सापडलं की पुरे. 2010 च्या टूर दि फ्रान्स सायकल शर्यतीत स्पॅनिश सायकलपटू अल्बर्टो कोंटाडोरच्या लघवीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध मिळालं ते मिलिलिटरला 50 पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तो म्हणाला, मांसातून आलं. क्रीडा लवादाला दूषित पूरक आहाराची शक्यता जास्त वाटली, तरी दोन वर्षांची बंदी लागली आणि विजेतेपद गेलं. बाटली कोणाची आणि आत काय, एवढंच आम्ही छातीठोक सांगू शकतो. ते आत कसं शिरलं, हे शोधायचं ओझं त्या पोराच्याच खांद्यावर, आणि हे मला फार जड वाटतं.

पुढे ‘बी’चा आलेख आला. शिखरं ‘ए’मध्ये होती तिथेच. चूक निघावी असं बारा वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. तीनदा ताडून पाहिलं, मग सही केली.