गुंता वरच्या धाग्याचा

मार्चमध्ये एका बाईंनी व्हिडिओखाली विचारलं, ‘शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचा गुंता होतो, काय करू?’ मी ठोकून दिलं, ‘व्हिडिओ नीट बघा, सांगितलंय.’ आणि फोन पालथा टाकला. सांगितलेलं नव्हतंच, हे रात्री आठवलं.

शिलाई मशीन दुरुस्तीचे व्हिडिओ मी चार वर्षं करतेय. दर शुक्रवारी एक, न चुकता. दमत होते, पण त्याचं काही वाटत नव्हतं. एडिटिंग करून डोळे चुरचुरायला लागले की उलट आज काहीतरी काम झालं म्हणायचे. ते उत्तर मात्र सलत राहिलं. मग शोधाशोध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही; कामाचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्यामुळे येणारी ती अवस्था आहे. खुणा तीन: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मी पहिलीवर नजर ठेवून बसले होते, आणि दुसरी कधीच घरात शिरली होती.

सगळे म्हणाले, सुट्टी घे. घेतली, आठ दिवस. आठही दिवस आकडे बघण्यात गेले!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बॉबिन केस, म्हणजे खालच्या धाग्याची डबी, बसतानाचा ‘टक्’ नीट ऐकू यावा म्हणून एकच शॉट मी नऊदा घेते, आणि नवव्यांदाही मजा येते. जीव जातो तो नंतर. नवा व्हिडिओ मागच्या दहांत कितवा, हे यूट्यूबचं अ‍ॅप तासाभरात सांगतं. दहावा दिसला की घास उतरत नाही.

आता ते अ‍ॅप फोनवर नाही. आकडे सोमवारी, लॅपटॉपवर, एकदाच. व्हिडिओ पंधरा दिवसांनी, आणि दोन तयार असल्याशिवाय पुढचा टाकत नाही. प्रेक्षक घटले, खोटं कशाला बोलू. टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरने दहा वर्षं दर आठवड्याला व्हिडिओ टाकले आणि १ जानेवारी २०२४ ला ठरवून थांबला. लोक त्या दहा वर्षांचं कौतुक करतात. मला हेवा वाटतो तो त्या तारखेचा. माझ्याकडे तशी तारीख नाही, म्हणून निदान शुक्रवार तरी सोडला.

त्या बाईंना लिहिलेलं मी पुसलं. नव्याने लिहिलं: ‘खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या धाग्यामुळे होतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला आणि मगच धागा पुन्हा ओवा. फूट खाली असला की धागा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यामध्ये बसतच नाही. चूक माझी, हे व्हिडिओत नव्हतं.’

तीन आठवडे झाले, त्यांचं उत्तर नाही. मशीन सुरू झालं असेल. किंवा विकलंही असेल.