बोन्सायची माती नाशकातच जमवली

नाशिकची काळी माती शेतात सोनं असेल, पण बोन्सायच्या उथळ ट्रेत ती घालू नये. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि तळाशी पाणी धरून बसते. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत मुळांना हवाच मिळत नाही. जपानमध्ये यासाठी अकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. ती इथे आयात होऊन येते आणि खिशाला परवडत नाही. शिवाय काही वर्षांत तिचे दाणे फुटून बारीक होतात.

म्हणून अकादामाऐवजी विटेच्या दाण्यांकडे वळले. वीटभट्टीवर फुटक्या विटा मागितल्या, तर मालक म्हणाले, "ताई, चांगल्या घ्या ना, फुटक्यांचं काय करणार?" बोन्साय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच निवडून दिल्या. कमी भाजलेली वीट पाण्यात विरघळते. फार भाजलेली, काळपट झालेली वीट पाणीच पीत नाही. मधली, ठोकल्यावर खणखणीत वाजणारी घ्यायची. घरी आणून तिन्ही प्रकारचे तुकडे रात्रभर वेगवेगळ्या वाट्यांत भिजवले. सकाळी कच्च्या विटेची वाटी गढूळ झाली होती आणि तुकडा बोटांत चुरगळला. चांगल्या विटेचं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं.

पाण्याचा निचरा व्हावा म्हणून क्रशरवरून बारीक खडी आणली. आपल्याकडे बेसाल्टच, तो पाणी धरत नाही, त्यामुळे विटेला जोड म्हणून उत्तम.

वीट कुटली की खरं काम चाळणीचं. भांडी बाजारातून दोन जाळ्या घेतल्या: ६ मिलिमीटरच्या जाळीवर उरलेलं पुन्हा कुटायचं, २ मिलिमीटरच्या जाळीतून पडलेली भुकटी ट्रेत अजिबात घालायची नाही. घटक कितीही भारी असले तरी ही भुकटी दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि सगळी मेहनत वाया जाते. चाळून झालं की दाणे धुवायचेही. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई करू नका.

माझ्या वडासाठी निम्मी वीट, पाव भाग खडी आणि उरलेल्यात पानांचं कुजलेलं खत व थोडा लाकडी कोळसा. जाड, रसाळ पानांच्या जेडच्या झाडाला खत आणखी कमी, खडी जास्त. वडाची माती मी जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बदलते; तेव्हा नवी मुळं लवकर धरतात. नंतर पंधरवडाभर झाड सावलीत ठेवते आणि वरून खत देत नाही.