तुम्ही विचारलंत म्हणून: अलिबागला राहायला महिन्याला किती लागतात?

विचारणारे बहुतेक ठाण्याचे, डोंबिवलीचे, नाहीतर पुण्याचे. कुणी नवऱ्याच्या ऑफिसातले, कुणी माझ्या कॉलेजातले, कुणी तर लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसले एवढ्याच ओळखीचे. "अलिबागला शिफ्ट झालात ना तुम्ही? मजा आहे बाई! मुंबईच्या निम्म्यात भागत असेल, नाही?" मी हसते, "बरं चाललंय" म्हणते आणि मठ्ठा पुढे करते. खरं उत्तर द्यायला बसले तर जिलबी गार होईल. तर आता बैजवार सांगते.

निम्म्यात भागवणारी माणसं इथे आहेत, अगदी आमच्या ओळखीत आहेत. स्वतःचं घर, आवारात विहीर, चार माड, भावाच्या शेतातला तांदूळ, पावसाळी भाजी परसात. त्यांना बाजारातून तेल, साखर, चहा आणायचा असतो. आपण येतो तेव्हा यातलं काहीएक आपल्याकडे नसतं. आपण येतो दोन लॅपटॉप, एक गाडी, म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या पिशव्या आणि मुंबईतली नोकरी घेऊन. ही शेवटची गोष्टच सगळ्यात महाग पडते. मुंबई सोडून अलिबागला राहायचं असेल तर खर्च खरंच कमी आहे. मुंबई धरून ठेवून राहायचं असेल तर दोन्हीकडचा खर्च एका पगारात बसवावा लागतो.

भाड्यापासून सुरुवात करू. आम्हाला आधी नागावात राहायचं होतं. वाडी, नारळी-पोफळी, किनारा पायावर. घरं दाखवायला घरमालक आनंदाने तयार होते, बारा महिन्यांचा भाडेकरू म्हटलं की मात्र त्यांचे चेहरे पडायचे. एकाने समोर बसवून हिशेबच मांडला. "वहिनी, तुम्ही महिनाभर राहून जे द्याल ते मला दोन शनिवार-रविवारांत सुटतं. वर तुमची रोजची पाण्याची मोटर, रोजची ये-जा." माणूस चांगला होता, चहा पाजला, शहाळं फोडून दिलं. शेवटी त्याने तोडगा काढला. भाडं कमी करतो, पण मे महिन्यातले शनिवार-रविवार आणि थर्टी फर्स्टचा आठवडा तुम्ही मागच्या खोलीत राहायचं, पुढचं घर पाहुण्यांना. आम्ही दोघांनी त्यावर एक रात्र गंभीरपणे विचारही केला, हे आता सांगताना हसू येतं.

शेवटी अलिबाग शहरालगतच्या चेंढऱ्यात जागा घेतली. तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. शेजारी कोर्टातले कारकून, बँकेतले, शाळामास्तर. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्यालय आहे ही गोष्ट बाहेरचे लोक विसरतात. इथे कलेक्टर कचेरी आहे, जिल्हा परिषद आहे, जिल्हा न्यायालय आहे, थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. म्हणजे पगारदार माणसांचं एक साधंसुधं अलिबाग आहे आणि त्याचे भाव पगारदारांनाच झेपतील असे आहेत. डोंबिवलीत वन बीएचकेला जे मोजत होतो त्यात इथे टू बीएचके मिळाला. खिडकीतून समुद्र दिसतो का, हा पुढचा प्रश्न असतो. नाही दिसत. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. समुद्र दिसायला लागला की भाडं वेगळ्याच भाषेत सांगतात. किहीम, आवास, सासवणे या बाजूला तर जागा भाड्याने मिळते ती रात्रीच्या हिशेबाने.

इथला भाव वारावर ठरतो, हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण मासळी बाजारात उघडच सांगतात. मी शनिवारी सकाळी पापलेट विचारत होते. शेजारी मुंबईच्या गाडीतून उतरलेले दोघे, त्यांनी भाव विचारला, मान डोलावली आणि पाटीच उचलली. घासाघीस नाही, उलट बर्फाचे वेगळे पैसे दिले. मावशीने पैसे कमरेला खोचले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू कशाला शनवारी येतेस गो? मंगळवारी ये." तेव्हापासून मी मंगळवारी जाते. पापलेटच्या नादी लागत नाही. बांगडा, मांदेली, ओले बोंबील, मिळाली तर कोलंबी. मंगळवारी ती मला वाट्यावर दोन मांदेली जास्तच टाकते आणि वर तिच्या सुनेची तक्रार ऐकवते, ती वेगळी. जिताडा मात्र कुठल्याच वारी परवडत नाही. पेण-अलिबागकडे खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या पाणथळ जमिनीतल्या, तळ्यांतला जिताडा मासा जावयासाठी आणि साहेबासाठी राखून ठेवायची पद्धत आहे, आम्ही दोन्हींत बसत नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताजं मिळतं ते थोडं आणि महाग. म्हणून इथल्या बायका मे महिन्यात आगोटची खरेदी करतात. सुके बोंबील, जवळा, वाकट्या, आंबाड, आणि सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी. सोड्यांचा भाव ऐकून पहिल्यांदा मी किलोचा आहे की पोत्याचा असंच विचारणार होते. त्याच खरेदीत पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो अलिबागजवळच्याच कार्ले, खंडाळे या भागात भातानंतर होतो, आणि रस्त्याकडेला माळा टांगून बसलेल्या बायकांकडून घेतला तर त्यालाही वार लागू होतो. हा खर्च एकदम होतो, मे महिन्याचं बजेट कोलमडतं, पण जून-जुलैत त्याचं चीज होतं.

आता जाण्यायेण्याचं बोलू. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा फोर्टला जावं लागतं. ऑक्टोबर ते मे हा प्रवास खरंच सुखाचा आहे. मांडव्याच्या जेट्टीपर्यंत दुचाकी, तिथून कॅटामरान बोट, तासाभरात गेटवे. लोकलमध्ये लटकण्यापेक्षा सहस्रपटींनी बरं. पावसाळा लागला की गेटवेच्या लाँचेस बंद. ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबर उजाडेपर्यंत. 2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली, ती पावसातही चालते. पण समुद्राने डोळे वटारले की तीही थांबते, आणि भाऊच्या धक्क्यावरून फोर्टची टॅक्सी आलीच. तीही नसेल तर रस्ता. कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण, आणि मग मुंबई. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला, जवळजवळ 22 किलोमीटरचा, तेव्हा आम्हाला अभिनंदनाचे फोन आले. मुंबई जवळ आली खरी. मोटारीला एका फेरीचे 250 रुपये टोल देऊन जवळ आली. पेट्रोल धरा, पार्किंग धरा, आणि वडखळला शुक्रवारी संध्याकाळी जे होतं ते धरा. पुलाने वेळ वाचवला की खर्च वाढवला यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

स्वस्त प्रवास करायचा तर एसटी. पनवेलला थेट गाड्या मिळतात, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे तर पूर्ण माफ. सासूबाई ऐंशीला टेकल्यात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पनवेलला निघतात तेव्हा पर्समध्ये पैसे नसतात, आधार कार्ड असतं आणि चेहऱ्यावर संस्थानिकाची ऐट असते. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय, रोजच्या दुखण्याखुपण्याला डॉक्टर चांगले आहेत. हृदय, मेंदू, कॅन्सर असं काही म्हटलं की पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई. घरात आजारी माणूस असेल तर भाड्याच्या आधी हे अंतर मोजा.

आणि खारी हवा. हा खर्च कुणी सांगत नाही, कुठल्या तक्त्यात बसत नाही, आणि महिन्याला हप्ता असल्यासारखा येतो. पहिल्या पावसाळ्यात कपाटाच्या बिजागऱ्या गेल्या. मग एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल सडली आणि गॅस गेला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, इथे तीन वर्षं टिकला तर पेढे वाटा." स्टेनलेस म्हणून आणलेल्या गॅलरीच्या कठड्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडले. दुकानदाराने तेव्हा सांगितलं की समुद्राजवळ 304 ग्रेडचं स्टील चालत नाही, 316 घ्यावं लागतं, आणि 316 चा भाव ऐकून आम्ही कठडा रंगवून घेतला. सेफ्टी पिना, शिवणाच्या सुया, छत्रीच्या काड्या, लॅपटॉपचं चार्जिंगचं भोक, सगळ्यांवर तोच प्रयोग. जुन्या स्लॅबच्या घरात तर आतल्या सळया गंजून फुगतात आणि छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडतात. घर बघायला जाल तेव्हा टाइल्स बघू नका, मान वर करून छत बघा.

वीज जाते, जोराच्या पावसात बराच वेळ जाते, म्हणून इन्व्हर्टर लागतो आणि घरून काम असेल तर तो चैनीत मोजता येत नाही. इथली माणसं विजेचा विषय निघाला की निसर्ग वादळावर येतात. 3 जून 2020. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. शेजारचे काका सांगतात, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, आणि लाइट परत येईपर्यंत लोकांनी विहिरीतून हाताने पाणी शेंदलं. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांचं उत्पन्नही गेलं, कारण नारळ-सुपारीचं नवं झाड धरायला वर्षं लागतात. त्यातल्या काहींनी वाडीत पुन्हा झाडं लावण्याऐवजी खोल्या बांधल्या. त्यांना दोष कसा देणार?

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार. शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत यांना फोन करू नये. तेव्हा ते आवास-सासवण्याच्या बंगल्यांवर असतात, कुणाच्या तरणतलावाचा पंप बंद पडलेला असतो. "सोमवारी येतो" म्हणतात आणि सोमवारी खरंच येतात, पण बंगल्यावर घेतलेला दर डोक्यात घेऊन येतात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी तर स्वच्छ सांगितलं, "एका बंगल्यावर दोन दिवस स्वयंपाक केला तर तुमच्याकडचा महिना निघतो." मी पैसे वाढवले. वाढवायलाच हवे होते. त्या बाई वेश्वी गावात भाड्याने राहतात आणि त्यांचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं, ते आमच्यासारख्यांमुळेच. आम्ही जे भाडं "स्वस्त" म्हणून हसत दिलं, तो मालकासाठी नवा दर झाला. नवख्याला महागाईची तक्रार करायचा फारसा अधिकार नाही असं माझं मत आहे. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिव्हिलमधली एक नर्स राहायची, ती भाडं परवडेना म्हणून पोयनाडला गेली आणि आता तिथून एसटीने येते. तिच्या जागी ठाण्याचं जोडपं आलंय, दोघेही घरून काम करतात, दोघेही फार गोड आहेत.

तर महिन्याला किती? वाणसामान, दूध, भाजी यांत डोंबिवलीपेक्षा फार फरक नाही, कारण दुकानातला बराच माल पेण-पनवेलवरूनच येतो. भाडं तेवढंच, पण एक खोली जास्त. मासळीत वाचतं, मंगळवारी गेलात तर. प्रवासात ते सगळं परत जातं, आणि गंज, इन्व्हर्टर, दुरुस्त्या यांत वर थोडं अधिक. आमचं दोघांचं आणि सासूबाईंचं डोंबिवलीत जेवढ्यात भागायचं जवळजवळ तेवढ्यातच इथे भागतं. नवऱ्याचं ऑफिस पूर्ण घरून झालं असतं तर पाचेक हजार नक्की सुटले असते. पुण्याच्या ज्या ताईंनी "आम्ही दोघं निवृत्त, मुंबईशी संबंध नाही" असं कळवलंय त्यांनी मात्र बिनधास्त यावं, त्यांना स्वस्त पडेल. फक्त घर जुलैत बघा, डिसेंबरात नको. भिंतीची ओल, अंगणातलं पाणी, छतावरची गळती, सगळं तेव्हा आपणहून सांगतं, आणि मालकही पावसाळ्यात रिकामा असल्याने भाड्याला जरा नरमतो.

गुंठ्याचा भाव विचारणाऱ्यांना वेगळं सांगते. शेतजमीन घ्यायची तर आपल्या राज्यात आधी शेतकरी असावं लागतं, सातबारावर नाव असल्याचा दाखला लागतो. बिनशेती जमीन असेल तर ती खरंच बिनशेती झालीय का, सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याच्या, हद्दीत येते का, आणि सातबारावर किती भावंडांची नावं सामाईक आहेत, हे वकिलाकडून बघून घ्या. अलिबागकडून उरणला जोडणारा रेवस-करंजा पूल होणार म्हणून भाव चढलाय असं सांगतील. पुलाचं काम चालू आहे हे खरं, पण इथले म्हातारे तो पूल अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतायत. भाव मला माहीत नाही. शेजारचे काका सांगतील, पण त्यांना विचारताना ठाण्याहून आलोय असं आधी सांगू नका.