एनसीपीकडे तक्रार केली, सगळं अडलं एका लेबलवर – माझा अनुभव

कारखाना रातोरात बंद झाला आणि आम्हा शिलाईवाल्यांचे तीन महिन्यांचे पगार बुडाले. मालकाचा पत्ता नाही, पण शिवत होतो तो माल परदेशातल्या मोठ्या ब्रँडचा. युनियनच्या ताई म्हणाल्या, ओईसीडी म्हणजे देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची, मोठ्या कंपन्यांनी कसं वागावं याची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केलेल्या प्रत्येक देशाला एनसीपी म्हणजे राष्ट्रीय संपर्क केंद्र ठेवावंच लागतं, आपला देश त्यात नसला तरी ब्रँडच्या देशातल्या केंद्राकडे तक्रार करता येते, वकील असलाच पाहिजे असंही नाही. आठवड्यात फॉर्म गेला.

आणि मग बसलो वाट बघत. पहिली छाननी साधारण तीन महिन्यांत व्हावी असं त्यांच्याच नियमात आहे, आमची नऊ महिने चालली! कारण ब्रँडने लिहून दिलं की हा कारखाना आमच्या पुरवठादारांच्या यादीतच नाही, आणि केंद्राने आम्हालाच विचारलं, संबंध दाखवा. आता पगाराच्या स्लिपवर नाव कारखान्याचं, आत मोबाईल न्यायला बंदी म्हणून फोटो नाहीत, काय दाखवणार? मला अजून राग येतो तो याचाच. ऑर्डर कुठे कुठे फिरली हे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि पुरावा शोधायचा काम गेलेल्या बायकांनी. २०११ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने जी तत्त्वं मंजूर केली त्यात स्पष्ट आहे की आपल्या पुरवठा साखळीत काय चाललंय ते कंपनीने स्वतः तपासायचं. मी प्रत्येक मेलमध्ये हे लिहायचे, उत्तर यायचं "विचाराधीन".

शेवटी सापडलं ते माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या मैत्रिणीच्या बटणांच्या डब्यात. वॉश केअर लेबल, बोटभर पांढरी सॅटिनची पट्टी, एका बाजूला ब्रँडचं नाव, मागे बारीक अक्षरात स्टाईल नंबर आणि पीओ नंबर, म्हणजे ब्रँडच्या ऑर्डरचा नंबर. तोच पीओ लाईनच्या वहीत रोजच्या पीसांपुढे लिहिलेला होता, आणि मालासोबतच्या चलानावर ज्या मोठ्या कारखान्याने आम्हाला जॉबवर्क दिलं त्याचं नाव ब्रँडच्या वेबसाईटवरच्या यादीत होतं. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, याद्या बदलतात. एवढं जोडलं आणि पाच आठवड्यांत तक्रार दाखल करून घेतली. त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर नुसत्या रडलो.

एक राहिलं, तक्रारीत प्रकरण चार मानवाधिकार आणि प्रकरण पाच रोजगार अशी नावं घेऊन कुठला भाग मोडला ते लिहा, आम्ही आधी नुसती हकीकत लिहिली होती. आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यवसाय आणि मानवाधिकार कार्यगटालाही लिहा, तिथे आधी देशातली कोर्टं संपवावी लागत नाहीत. त्यांनी प्रकरण उचललं तर सरकारला आणि कंपनीला पत्र जातं आणि साधारण ६० दिवसांनी ते पत्र सगळ्यांना वाचता येतं. कंपन्यांना त्याची धास्ती असते.

दाखल झाली म्हणजे कंपनी दोषी ठरली असं नाही, आणि चर्चेला बसायची सक्ती केंद्र करू शकत नाही. आमचा ब्रँड तयार झालाय, पुढच्या महिन्यात पहिली बैठक आहे, त्यात काय बोलणं होतं ते गुप्त ठेवावं लागेल म्हणून हे आत्ताच लिहून टाकतेय. केंद्राला लेबलचा फक्त स्कॅन दिलाय. मूळ पट्टी माझ्याकडेच आहे, तुम्हीही मूळ वस्तू कुणाच्या हातात देऊ नका.