स्टेपनीवर बॅग लटकवली, त्याची गोष्ट

डिकी भरली की आपली नजर आपोआप स्टेपनीकडे जाते. मागच्या दारावर एवढं मोठं चाक नुसतंच लटकलेलं, त्यावर अजून चार गोष्टी अडकवल्या तर काय बिघडतंय, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं आणि स्टेपनीवर पट्ट्यांनी आवळायची एक मोठी कॅनव्हासची बॅग घेतली. त्यात चिखलाचे बूट, ताडपत्री, फोल्डिंग फावडं, ओढायचा दोर, तो गाडीला अडकवायची लोखंडी कडी (शॅकल), पाना आणि १० लिटरचा पाण्याचा कॅन असं सगळं कोंबलं आणि वर खूश, कारण डिकी अर्धी रिकामी झाली.

वजन करायचं मात्र सुचलं नाही.

पहिल्याच कच्च्या रस्त्यावर मागून कुरकुर यायला लागली, मला वाटलं फावडं वाजतंय, फावडं काढून आत टाकलं तरी आवाज तसाच. घरी येऊन दार उघडलं तर बंद करताना किंचित उचलून लावावं लागत होतं, म्हणजे बिजागरीवर दार खाली बसलं होतं. तेव्हा एकदाचा वजनकाटा काढला. बॅग २४ किलो, स्टेपनी ३२. दोन बिजागऱ्या आणि एक लॉक, एवढ्यावर ५६ किलो, आणि खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा त्याचे झटके वेगळेच.

आणि हे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) पण मागे असतं, हे आपण विसरतो. माझ्या गाडीत बॅग अ‍ॅक्सलपासून साधारण एक मीटर मागे येते आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर आहे २.४५ मीटर, म्हणजे २४ किलो लटकवले की पुढच्या चाकांवरचं जवळजवळ १० किलो कमी होतं आणि मागच्या चाकांवर ३४ किलो वाढतं. एरवी जाणवत नाही, पण टपावर सामान आणि मागच्या सीटवर दोन माणसं असताना चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते लागतंच.

मग ठरवलं की बॅग हलकी करायची आणि पाण्याच्या कॅनसाठी वेगळा ब्रॅकेट लावायचा. ब्रॅकेटची ६ मिलिमीटरची प्लेट रिमच्या मागे बसते आणि त्यावर चाक परत आवळायचं. बसवून देणाऱ्याने नट आवळले, झालं म्हणाला. मी सहज एक नट सोडवून हाताने परत फिरवला तर चार फेऱ्यांत घट्ट! माझे स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते आट्यांचे खिळे, १२ मिलिमीटर जाडीचे, दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर, म्हणजे निदान जाडीएवढी पकड हवी तर आठ फेरे तरी बसायला हवेत. इथे निम्मेच बसले होते, कारण तेवढे आटे प्लेटनेच खाल्ले. लांब स्टड मिळेपर्यंत ब्रॅकेट काढून ठेवला, आणि खरं सांगायचं तर नंतर परत लावलाच नाही. पेट्रोलचा कॅन तिथे लावायचा विचार तर मी कधीच सोडला, मागून कोणी ठोकलं तर पहिला तोच फुटणार.

पण खरी फजिती पट्ट्यांनी केली. दर तासा-दोन तासाने रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची दातेरी कळ, सैल. मी उतरायचो, दोन टिचक्या आवळायचो, पुढे निघायचो. आधी वाटलं नायलॉन भिजून ताणलं जातंय (ते ताणलं जातंच), म्हणून पॉलिएस्टरचे पट्टे आणले. मग दिसलं की पट्टा रिमच्या भोकातून जातो तिथे अ‍ॅलॉयच्या कडेला घासून त्याचे धागे सुटलेत, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. घासणं थांबलं, सैल होणं काही थांबेना.

कारण कळलं ते टायर पंक्चर झाल्यावर. रात्र, रिपरिप पाऊस, रॅचेटच्या दातांत चिखल भरून ते जाम झालेलं, आणि नट सोडायचा पाना कुठे, तर बॅगेच्या तळाशी! म्हणजे स्टेपनी काढायला बॅग काढायची, आणि बॅगेचं आधी सगळं सामान चिखलात ओतायचं. शेवटी पट्टा कापला. स्टेपनी खाली घेतली तर हाताला मऊ लागली. हवा बघितली, फक्त १४ पीएसआय. व्हॉल्व्ह बॅगेच्या मागे झाकलेला, त्यामुळे कित्येक महिने मी हवा बघितलीच नव्हती. टायर हळूहळू बसत होता म्हणून पट्टे सैल होत होते, आणि मी शहाणा रॅचेटच आवळत बसलो होतो. नशीब एवढंच की छोटा कॉम्प्रेसर गाडीत आत होता.

चाक बदललं, आता पंक्चर झालेलं मागे अडकवलं, तर त्या ढिल्या रबरावर बॅग धरेचना. उरलेला प्रवास ओली बॅग मागच्या सीटवर, आणि शेजारी बसलेल्या मित्राची तोंडभर शिव्यांची बरसात. त्यातच तो हेही म्हणाला की मागच्या वेळी माझ्या मागून येताना त्याला वरचा ब्रेक लाइट दिसतच नव्हता, बॅगेचं झाकण बरोबर त्याच्यावर येत होतं. हे त्याने तेव्हा का नाही सांगितलं देव जाणे. रिव्हर्स कॅमेऱ्याची अर्धी चौकट बॅगेने खाल्लेली, ती मीच चालवून घेत होतो.

सध्या बॅग आहे, पण ६-७ किलोच्या वर जाऊ देत नाही. त्यात ओले बूट, कचरा, ताडपत्री, बस. गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि सगळी धूळ तिथेच येऊन बसते, त्यामुळे दोर आत घेतला, रेतीचे कण शिरले की तो आतून कापला जातो. व्हॉल्व्हला लांब नळी जोडून तोंड बाजूला काढलंय, पाना ड्रायव्हर सीटखाली. स्टेपनीला टेकणारे रबरी ठोकळे दोन फेरे बाहेर काढले तर दारही नीट लागायला लागलं. एक बारीक टकटक अजून येते, पण ती बहुतेक फावड्याचीच आहे.